धाकट्या भावाची वाक्यं

प्रिय भावोजींस,

तुमच्या एकुलत्या एका वहिनीचे पोतंभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जाऊबाईंची पाठ? तुमच्याकडे गाडी शिकायला येणारी मंडळी अजून ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबतात का? आम्ही इकडे सुखरूप. म्हणजे मी आहे, आणि तुमचे बंधुराजही आहेत असं डॉक्टरांचं म्हणणं. पत्र लिहायला तसं कारण काही नाही. हे तालमीला गेलेत, 'जरा शांत बसा, मी विचार करतोय' असं ओरडणारं घरात कुणी नाही, म्हटलं चार ओळी खरडाव्यात.

यांचा मोठा सत्कार झाला हे पेपरात वाचलंच असेल. (फोटोत यांच्या मागे अर्धा कान दिसतो, तो माझा.) तेव्हापासून एक चरित्रकार रोज सकाळी येऊन बसतो. 'थोर कादंबरीकार आणि नाटककार : जीवन आणि साहित्य' असा सहाशे पानांचा ग्रंथ करणार आहे म्हणे. चहा पाजून पाजून माझ्या नाकी नऊ आले. परवा मला विचारतो, पत्नी या नात्याने तुम्ही त्यांना प्रेरणा कशी दिलीत? मी म्हटलं, मरून. खोटं नाही सांगत. यांच्या कादंबऱ्यांत मी आजवर चार वेळा मेले आहे. दोनदा क्षयाने, एकदा पाण्यात पडून, आणि एकदा (याचा राग अजून गेलेला नाही) दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानावर, कुणाला न सांगता. नायक मोकळा झाल्याशिवाय यांना पुढचं सुचतच नाही. चरित्रकाराने ते सगळं मन लावून लिहून घेतलं. मग यांच्याकडे वळून विचारलं, 'आपल्याला भावंडं?' स्वल्पविरामावर तासभर बोलणारा हा माणूस, 'एक भाऊ आहे' एवढंच म्हणाला आणि उठून खिडकी पुसायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना खिडकी पुसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही का येत नाही हे मला ठाऊक आहे, आणि तुमचं चुकलं असं मी कधी म्हटलेलं नाही. मामंजींच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही डॉक्टरांचा हात धरलात आणि म्हणालात, 'यांना बरं करा हो, मला यांच्याशी अजून भांडायचंय.' ऐकायला आम्ही दोघंच होतो. पुढच्या वर्षी ते वाक्य यांच्या नाटकात आलं आणि भरलेलं थिएटर खदखदून हसलं. तुम्ही तिसऱ्या रांगेतून उठून गेलात ते आजतागायत. (लोक नंतर रडलेही होते, असं हे सांगतात. पण रडेपर्यंत तुम्ही बस पकडली होती.) दोघांचीही तऱ्हा एकच, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मध्ये मी आहे, यांना तुमचा निरोप सांगताना 'भावोजी म्हणाले', तुम्हाला यांचा सांगताना 'हे म्हणाले'. आणि खरं म्हणाल तर निरोप कुणीच देत नाही, ते मीच बनवते.

तर यांनी नवं नाटक लिहिलंय. दोन भाऊ, वडील गेल्यावर त्यांची खोली आवरताहेत, बस्स, एवढंच. दिग्दर्शकाने संहिता उघडली आणि त्याला वाटलं टाइप करणारीने कामचुकारपणा केला. थोरल्याची वाक्यं सगळी जागच्या जागी. धाकट्याचं नुसतं नाव, पुढे कोरं. सबंध दोन अंक असेच. विचारलं तर हे म्हणाले, 'त्याच्या तोंडचं एकदा न विचारता घेतलं. आता आपल्या मनाने त्याच्या तोंडी घालणारही नाही.' दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. अहो, मग प्रयोग कसा करायचा? तर म्हणे, थांबा.

थांबून काही नाटक उभं राहत नाही. धाकट्याचं काम करणाऱ्या नटाला सगळे तोफ म्हणतात. (कुजबुजला तरी बाहेरच्या तिकीट खिडकीवर ऐकू जातं.) त्याने बिचाऱ्याने आठवडाभर नुसत्या भुवयांवर काम चालवलं आणि तिसऱ्या दिवसापासून कपाळ दुखतं म्हणून बाम चोळून येऊ लागला. मग दिग्दर्शकाने स्वतः वाक्यं लिहिली. यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि मान हलवली : तो असं बोलणार नाही. मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी हात धुऊन घेतले, त्यांनी लिहिलेला धाकटा तर प्रत्येक वाक्याला आ वासायचा. तो असं बोलणार नाही. शेवटी मी बसले. तुमचं 'हे बघ, सरळ सांगतो' घातलं, सरळ न सांगता तीन वळसे घेणं घातलं, मध्येच विषय सोडून टायरमधल्या हवेवर जाणंही घातलं. यांना हसू आलं. 'जवळ आलीस गं,' म्हणाले, 'पण तो असं बोलणार नाही.' एका समीक्षकाने मात्र तालीम पाहून लेखच छापला, की मौनाचं असं धाडस आपल्या रंगभूमीवर आजवर झालं नव्हतं. हे वाचून मला म्हणाले, मौन कसलं, भाऊ बोलत नाही माझ्याशी.

गेल्या सोमवारी तोफेचा घसा बसला. (भुवयांचं काम करणाऱ्याचा घसा कसा बसतो, देव जाणे.) थोरल्याचं काम करणाराही आला नव्हता. दिग्दर्शक मला म्हणाला, वहिनी, तुम्ही धाकट्याच्या जागी नुसत्या उभ्या राहा, आणि थोरल्याचं यांनीच वाचावं. मी दोन्ही हातांत रिकामी पेटी धरून उभी राहिले. हे वाचायला लागले. 'ही पेटी तू ने.' आणि थांबले. 'बाबांचा चष्मा तू ठेवतोस का मी ठेवू?' आणि थांबले. दर वेळी एक माणूस उत्तर देईल एवढा वेळ थांबायचे, आणि बघायचे ते माझ्याकडे नव्हे हो, दाराकडे. भावोजी, मला रडू आवरेना. पेटी खाली ठेवून मी बाहेर निघून आले. यांच्यावर मी आयुष्यभर चिडत आले आहे, पण यांची अशी दया मला कधी आली नव्हती.

असो. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात. तुम्ही दोघांनी त्या म्हणीला फार दमवलं. जाऊबाईंना आशीर्वाद, पोरांना पापे, तब्येतीला जपा.

तुमची,
वहिनी

ता.क. : पुढच्या महिन्यात पहिला प्रयोग आहे. तिकिटं जाताहेत आणि अर्धं नाटक अजून कोरंच आहे. तुम्ही दोन दिवस येऊन जा. यांच्यासमोर बसा आणि त्या थोरल्याला काय उत्तरं द्यायची असतील ती द्या. तुमची खोली झाडून ठेवली आहे.

ता.क. २ : यांनी सांगितलं म्हणून मी लिहितेय असं मुळीच समजू नका. यांना या पत्राचा पत्ता नाही. कळलं तर घर डोक्यावर घेतील.

ता.क. ३ : कळलं. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे तालमीहून आले आणि पत्र हातातून घेऊन उभ्या उभ्या सगळं वाचलं. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत. तर ओरडले नाहीत, एका ठिकाणी माझा स्वल्पविराम दुरुस्त केला. मग पेन घेऊन बसले. चांगली वीस-पंचवीस पुस्तकं लिहिलेला माणूस, पण चहा निवून गेला तरी कागदावर अक्षर नाही. शेवटी जे लिहिलं ते खाली आहे. त्यात मी काही घातलेलं नाही.

ये. काय बोलायचं असेल ते बोल. भांडायचं असेल तर भांड. मी लिहून घेणार नाही. — दादा

(घेतील. पण तुम्ही या.)