जमिनीवरच्या टाचण्या

मंगळवार, ३ तारीख
शाळेनं पुन्हा बोलावलं. भिंगरी — माझी सात वर्षांची लेक — एका जागी बसत नाही, वाचताना ओळ चुकते, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाई म्हणाल्या, "महिनाभर बघू. नाहीतर खालच्या वर्गात." भांडू कुणाशी? गणवेश शिवायचं काम त्यांच्याकडूनच येतं!

शुक्रवार, ६
बाईंनी सुचवलेल्या थेरपिस्टनं भिंगरीला हातापायांवर ओणवं केलं. मान डावीकडे वळवली की उजवा कोपर मोडतो. "तान्ह्या बाळाची आपोआप होणारी हालचाल आहे ही. एरवी वर्षाच्या आत जाते, हिची रेंगाळलीय. मान वळली की लिहिता हात भरकटत असेल." मग सहज विचारलं, "रांगली होती का?"

नाही. मीच रांगू दिलं नाही. एकच खोली, जमिनीवर टाचण्या, तापलेली इस्त्री. सातव्या महिन्यापासून पोर वॉकरमध्ये. "किती गुणी बाळ!" म्हणायचे सगळे, आणि मी मिरवायचे. मी स्वतः मात्र रांगत रांगत कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायचे, आई अजून सांगते.

"वॉकरमुळेच झालं असं नाही म्हणता येत," थेरपिस्ट म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून, दुसरं काय!

शनिवार, ७
सासूबाई : "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं."

मंगळवार, १०
रोज दहा मिनिटं रांगायचा व्यायाम. पण कुठे? मशीन सरकवलं तर दार उघडत नाही. चुंबक फिरवून टाचण्या वेचल्या, तरी एक माझ्याच गुडघ्यात घुसली. भिंगरी रडते, "मी काय बाळ आहे?" हे म्हणाले, "गणवेश पडलेत शिवायचे आणि तुम्ही दोघी रांगा!"

गुरुवार, १९
आज माझा तोल सुटला. तिला उचलून खुर्चीत आदळलं. हलायचं नाही म्हटलं. नाही हलली. नुसती बघत राहिली — वॉकरमधून बघायची तशीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार, २०
"आधी तू करून दाखव," भिंगरी म्हणाली. ओणवी झाले. मान डावीकडे वळवली — माझा उजवा कोपर मोडला! पुन्हा केलं. पुन्हा मोडला. वीस वर्षं टीप वाकडी गेली की मी मशीनला शिव्या घालतेय.

"आई, तू पण!" पोरगी खुशीत टाळ्या पिटायला लागली.

आणि मी तर रांगले होते.