गगनदूतचा तांत्रिक सल्लागार

१८ मार्च १९९९, गुढीपाडवा
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार म्हणजे लिहिणारच. कारणही तसंच आहे. गगनदूत विकली गेली! मुंबईची कंपनी. डब्यात प्लास्टिकचे सुटे भाग यायचे, ते चिकटवून हातभर विमान करायचं. बंद पडून नऊ वर्षं झाली. आता तिचे साचे आणि नाव घेतलं कोणी, तर जालन्याच्या तातेराव शेजूळनं. बादल्या आणि टोपल्या करणारा माणूस. उषाच्या माहेरचा, वाटूरचा. मला दाजी म्हणतो.
एवढ्या मोठ्या ब्रँडचं भविष्य बादलीवाल्याच्या हातात. त्याला कोणी जाणकार सल्ला देणारा पाहिजे. जिल्ह्यात असा माणूस एकच. माझ्या कपाटावर गगनदूतचे अकरा डबे आहेत. पहिला १९८१ साली, पहिल्या पगारातून घेतला. अकराही सीलबंद. उघडले की किंमत जाते, हे लोकांना कळत नाही.
पुरणपोळ्या पाच. उद्यापासून वजनाकडे लक्ष.

२१ मार्च, रविवार
जालन्याला जाऊन आलो. तातेरावशी दोन तास चर्चा. म्हणजे पावणेदोन तास बाहेर बसवलं. मी स्पष्ट सांगितलं, जुना निळा डबा, जुनी चित्रं, जुना राखाडी रंग, काही बदलायचं नाही. तो बराबर, बराबर म्हणत राह्यला. मंग मशीनमधून निघालेला पहिला माल दाखवला. गुलाबी विमान! बादल्यांचा माल शिल्लक होता म्हणे, तोच घातला. मी डोळे मिटून घेतले.
तरी माणूस दिलदार. म्हणाला, दाजी, आपल्याला ह्यातलं काही कळत न्हाई. एक मेला उद्घाटन हाय, औरंगाबादचे व्यापारी येतेत, टेबलावर एक जोडलेलं विमान पाहिजे. तेवढं तुम्ही आणा, मंग तांत्रिक सल्लागार म्हणून तुमच्या नावाची पाटीच लावून टाकू.
गोणीत पाच विमानांचे भाग घालून दिले. येताना पॅसेंजरमध्ये दोन बायकांनी विचारलं, टोपल्या कशा दिल्या.

२२ मार्च
ऑफिसात मच्छिंद्रला सांगितलं. मच्छिंद्र म्हणजे आमच्या संशोधन केंद्रात माझ्या शेजारच्या टेबलावरचा क्लार्क. त्यानं विचारलं, आजपर्यंत विमानं किती जोडली? काय हा प्रश्न! माझा भर अभ्यासावर आहे, म्हणालो.
हिशेब केला. एका विमानाचे भाग ५८, दिवस ४०. रोज दीड भाग. अगदी पोरखेळ.

४ एप्रिल, रविवार
अजून सुरुवात केली नाही. मुद्दाम. घाई करणं हे नवशिक्याचं लक्षण. शिवाय मार्चएंड होता.
पण काम थांबलेलं नाही. व्हिजिटिंग कार्डं छापून आली. शंभर. ‘बद्रीनाथ जिगे, तांत्रिक सल्लागार, गगनदूत.’ उषानं उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, आधी विमान तं करा. हिला नियोजन म्हणजे काय ते कळत नाही.

१८ एप्रिल, अक्षय तृतीया
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. श्रीगणेशा केला. विमानाच्या पोटाचे दोन भाग डिंकानं जोडले. अप्रतिम. नऊ वाट्या आमरस. झोपलो.

१९ एप्रिल
सकाळी उचललं तर दोन्ही भाग सुटे. डिंक भेसळीचा.

२१ एप्रिल
सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं. सुटलं. मंग दोन ट्यूब मिसळायचा भारी डिंक आणला. सुटला. मंग तो थेंबभर टाकला की लगेच धरतो तो. त्यानं धरलं. माझी दोन बोटं एकमेकांना धरली, विमान नाही. तसाच ऑफिसात गेलो. मच्छिंद्रनं विचारलं, हे काय? म्हणालो, टेस्टिंग चालू आहे.

२५ एप्रिल, रविवार
दोष हवामानाचा. जोड पक्का सुकत नाही. म्हणून तीन विमानांचे भाग डिंक लावून पत्र्यावर उन्हात ठेवले, उडू नयेत म्हणून वर विटा. दुपारी चढून पाहिलं. पंख खाली मान घालून बसलेले. तीन विमानं गेली. उरली दोन. घाबरण्यासारखं काही नाही.
उषा खालून म्हणाली, उतरताना शिडी धरू का? नको म्हणालो. शेवटच्या पायरीवरून पडलो. गुडघा.

२८ एप्रिल
खरं लिहितो. वाचणारं कोणी नाही. मी आजपर्यंत एकही विमान जोडलेलं नाही. पहिला डबा आणला तेव्हाच भीती वाटली, हात लावला आणि बिघडलं तर? म्हणून उघडला नाही. मंग दुसरा आणला, त्याचंही तेच. अठरा वर्षं लोकांना सांगत आलो की ह्यातलं आपल्याला सगळं कळतं. तीन दिवसांनी व्यापाऱ्यांपुढं जायचंय.

२९ एप्रिल
कालचं लिखाण अशक्तपणामुळं. दुर्लक्ष करावं.
आज एक गंमत. उषा भाकरी थापता थापता म्हणाली, अहो, ही तं बादलीच हाय. बादली डिंकानं चिकटलेली कधी पाहिली का? वाटूरला फिरता माणूस यायचा म्हणे, तापलेल्या पट्टीनं फुटक्या बादल्या सांधून द्यायचा. ही त्याच्यापुढं बसून पाहायची. शेजारच्या साळूबाईंची बादली गेल्या वर्षी हिनंच सांधली, हेही आजच कळलं. मी मोठ्यानं हसलो. हे शास्त्र आहे, म्हणालो, बादली नाही.
तिनं दाभण चुलीत तापवलं आणि विमानाच्या पोटाचा जोड सांधला. मी ओढून पाहिला. निघेना. पाय देऊन ओढला. निघेना.
पुढचं मी तोंडी सांगत होतो. माझ्या सांगण्यावरून शेपटी नाकाला लागली. मंग ती म्हणाली, कागद पाहिजे, त्यात चित्र असंल. कागद सीलबंद डब्यात. मी नाही म्हणालो. तिनं एक्क्याऐंशीचा डबा उतरवला आणि सील विळीवर धरलं. मी अंगणात निघून गेलो. आवाज आला.

३० एप्रिल
संध्याकाळी सातच्या सुमाराला विमान पूर्ण. गुलाबी आहे, पण सरळ आहे. पंख समान. चाकं फिरतात. मी जवळ बसून मार्गदर्शन केलं. हाताला चटके उषाला बसले, चार. मलम लावून दिलं.
विमान दोन्ही हातांत धरलं आणि डोळे भरून आले. केवढी इच्छा होती ही! उषानं पाहिलं आणि दिवा लावायला गेली.
उद्याचं भाषण तयार आहे. सात पानं.

१ मे
उद्घाटन. भाषण दीड पान झालं, मंग नाश्ता आला.
व्यापाऱ्यांना विमान फार आवडलं. एकानं विचारलं, हे जोडलं कसं? मी म्हणालो, खास तंत्र आहे. तातेराव खुश. म्हणाला, दाजी, करूनच दाखवा. शेगडी आली, दाभण आलं, नव्या विमानाचे सुटे भाग आले. मी तापवलं, टेकवलं. पंखाला आरपार भोक पडलं. उषानं माझ्या हातातून दाभण घेतलं, भोक बुजवलं आणि दुसरा पंख लावूनही दिला. टाळ्या.
मंग तातेरावनं तिथंच जाहीर केलं. गिऱ्हाइकाला जोडायची झंझटच नको. गगनदूत आता तयार विमान विकणार. गुलाबी, हिरवं, निळं. जोडायला वीस बायका, आणि त्यांच्यावर तांत्रिक सल्लागार उषाताई.
कुणी ओळख करून देताना बाईंचे मिस्टर म्हणालं.
घरी येताना म्हणालो, माझी शंभर कार्डं वाया गेली. उषा म्हणाली, जात न्हाईत. आडनाव तेच हाय, नुसतं बद्रीनाथ खोडू.

८ मे, शनिवार
सकाळी दुसरा डबा काढला. सील मी स्वतः फोडलं. राखाडी भाग. काय सुंदर! पहिला भाग त्याच्या प्लास्टिकच्या चौकटीतून सुटा करायला गेलो आणि तो तुटला.
शेवटी उषाला दाखवला. तिला वाटलं मी चिडलोय. मी म्हणालो, मला शिकायचंय.
ती म्हणाली, उद्या नव्या बायकांचं ट्रेनिंग हाय, साडेनऊला. बसायचं असलं तं बसा, डबा आपला आपण आणायचा.
नाव दिलं. यादीत एकविसावा.