ठकूचं पाणी तोडू नका

पुणे, १४ एप्रिल १९३८

तीर्थरूप आईस, गेनूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी हितं बरा हाय.

ठकू पाणी पिऊन घागरी रिकाम्या करते आन् सारखी लघवीला जाते, म्हणून देवऋष्याच्या सांगण्यावरनं तू तिचं पाणी तोडलंस, असं मामानं कळवलं. त्यानं धाडलेलं पत्र तिसऱ्या दिवशी, म्हंजी आज, हाती आलं. मी तडक दवाखान्यात जाऊन बहिणीचं समदं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूखालच्या गाठीचा रस आटला, म्हणून तिची मूत्रपिंडं पाणी धरीत नाहीत. पाणी तोडलंत तर पोर दोन दिवसांत जाईल."

त्या रसाची सुई उद्या मिळंल. ती घेऊन मी येतो. हे पत्र भोरच्या मोटारवाल्याच्या हाती आजच धाडतोय. आईला हे वाचून दाखवणाऱ्या दादा, तुझ्या पाया पडतो, आधी ठकूला पाणी पाज.

आई, ती अजून पाणी मागते ना?

तुझा गेनू