न तपासता भरवलेली गाय

मंगळवार, संध्याकाळ. शहादा

आज कळसाडीला वत्सलाकाकूंच्या गाईने तीन महिन्यांचा गर्भ टाकला. चूक माझी आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मागच्या मंगळवारी काकूंचा फोन आला, गाय पुन्हा माजावर आल्यासारखी ओरडते म्हणून. तीन महिन्यांपूर्वी मीच तिला भरवली होती. बारा वर्षं हेच कृत्रिम रेतनाचं काम करतोय; गाभण गायही कधी कधी माज दाखवते, हे मला माहीत नव्हतं का? आधी हात घालून तपासायला हवं होतं. काकू म्हणाल्यासुद्धा, "भाऊ, पहिले तपासी ल्या. माले वाटस, ती गाभण शे." पण तो दिवसातला सातवा गोठा होता, खांदा भरून आला होता. "उलटली असेल, गर्भ राहिला नसेल," म्हणालो आणि सरळ गर्भाशयात वीर्याची कांडी सोडली. तपासायला दोन मिनिटं लागली असती. दोनच मिनिटं!

आज गर्भ गोणपाटाखाली झाकलेला होता. काकू गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "मीच सरकीनी ढेप जास्त दिधी का?"

गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण तो प्रश्न ऐकवेना. म्हणालो, "काकू, ढेपेनं नाही. मी न तपासता भरवली, म्हणून झालं."

त्यांनी गोणपाटाची सरकलेली कड नीट केली. मग म्हणाल्या, "बरं झायं, सांगी दिधं. सकायफाईन मी मालेच दोस दी ऱ्हायनी व्हती."

गाईला औषध देऊन निघालो. पुढच्या माजाला मला बोलवाल का, हे विचारायचा धीर झाला नाही.