ती काय म्हणतेय?

२० फेब्रुवारी २०११

सापडलं! दादाने काल येऊन माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी स्कॅन केलं आणि पुसायचं विसरला. हिंजवडीत म्हणे कॉम्प्युटरवर पोट भरतो.

फॉर्म आहे. कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज. अपंग व्यक्तीचं नाव – पूर्वा. पालक म्हणून नेमायची व्यक्ती – सौरभ, भाऊ. कारण – ‘सदर व्यक्ती स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकत नाही.’

सदर व्यक्ती म्हणजे मी.

सदर व्यक्ती हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते. एका ओळीला चार-चार मिनिटं जातात. तेव्हा इथे उगाच लिहिलेलं काही नाही.

१४ मार्चला मी अठरा पूर्ण. त्याच्या आत मला गुंडाळायची तयारी चाललीये तर!

२१ फेब्रुवारी

आईला विचारलं. मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

“बँकेतल्या बाईंनी सांगितलंय. अठराव्या वर्षी लहान मुलांचं खातं बंद होतं. तुझं अपंगांचं अनुदान मग कुठे जमा होणार? मोठ्यांचा अर्ज वेगळा, तपासणी वेगळी. पालकाचा दाखला लागतो.”

मग माझं मोठ्यांचं खातं उघडा.

“तुझी सही कुठे होते?”

अंगठा होतो की. अंगठा सगळ्यांना असतो.

“दादाला कळतं त्यातलं.”

संपलं. या घरात हे वाक्य म्हणजे सुप्रीम कोर्ट.

बाबांकडे जाण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षं तांब्याची भांडी ठोकून त्यांचे कान गेलेत. लोकांचं ओरडून बोललेलं कसंबसं ऐकू येतं, माझं तर नाहीच. माझी जीभ जन्मापासून वाकडी चालते, हातापायांसारखीच. माझं बोलणं जगात फक्त दोघांना कळतं – आईला आणि दादाला. बाकीच्यांना तो नुसता आवाज.

म्हणजे माझं तोंड या दोघांच्या ताब्यात. आता अंगठाही द्यायचा?

२६ फेब्रुवारी

दादा आला. सरळ विचारलं – हा फॉर्म काय आहे?

“अगं, फॉर्मॅलिटी आहे. आईबाबांचं वय झालं. दर वेळी कोण धावणार ऑफिसांत? एकदाच माझं नाव लागलं की सुटलो.”

कोण सुटलं?

“तुला ना, प्रत्येक गोष्टीत वाकडंच दिसतं.”

वाकडी व्यक्ती वाकडंच बघणार. जेवले नाही. आईने दोनदा ताट आणलं, मी दोनदा तोंड मिटून घेतलं. तेवढा एक निर्णय सदर व्यक्तीला स्वतः घेता येतो.

६ मार्च

दादासाठी स्थळ आलं. मुलीकडचे सात जण. सकाळी अंघोळ, वेणी, नवा ड्रेस – मला वाटलं, आज बसवणार मलाही बाहेर. अकरा वाजता खुर्ची थेट शेजारच्या मुक्ताबाईंच्या घरी! नवा ड्रेस मुक्ताबाईंसाठी होता.

“दोन तासांचा प्रश्न आहे गं,” आई म्हणाली. पाच तास झाले. मुक्ताबाई टीव्हीसमोर घोरत होत्या. मला लघवीला जायचं होतं. हाका मारल्या. भिंतीपलीकडे सगळे हसत होते, कपबशा वाजत होत्या. शेवटी झालं ते खुर्चीतच झालं.

आईने येऊन बघितलं. पुसलं फक्त. 

हे विसरणार नाही.

१४ मार्च

सज्ञान झाले. शिरा होता. भरवला.

२३ मार्च

तपासणी. अपंगत्वाचं लहानपणचं प्रमाणपत्र आता रद्दी, मोठ्यांचं नवीन. सकाळी आठपासून रांग. रिक्षात दादाने मला पोत्यासारखं उचललं, उतरवलंही तसंच. आईला ताप होता, ती घरी.

डॉक्टरांनी पाय वाकवून बघितले, हात वाकवून बघितले. मग शेजारच्या खोलीत दुसरे डॉक्टर. हे डोकं वाकवून बघणारे.

“बाळ, तुझं नाव काय?”

बाळ! मी नाव सांगितलं. त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने नाव सांगितलं. इथवर ठीक.

“बाळ, आपल्या देशाचे पंतप्रधान कोण?”

मी रोज अख्खा पेपर वाचते, छोट्या जाहिरातींसकट. शाळेतल्या बाईंनी अक्षरं शिकवली तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. आणि हा प्रश्न? मी म्हटलं – मतदान तुम्ही केलंत, मला काय विचारता?

डॉक्टर दादाला म्हणाले, “ती काय म्हणतेय?”

दादा म्हणाला, “नाही माहीत तिला, सर.”

मी ओरडले. मान गेली, लाळ गळली, हात टेबलावर आपटला. डॉक्टर अगदी प्रेमाने म्हणाले, “असू दे, असू दे. घाबरली आहे.” आणि लिहिलं. लांबलचक लिहिलं. मला उलटं वाचता येतं – ‘संवाद साधता येत नाही.’

रिक्षात दादाला म्हटलं, खोटारडा.

“तू इतकं उद्धट बोलणार आणि ते मी सांगायचं? त्यांनी सहीच केली नसती तर? परत सहा तास रांग?”

उद्धट असण्याचा हक्कही आता भावाच्या सहीने मिळणार का?

२४ मार्च

दादाशी बोलणं बंद. त्याला दोन तास लक्षातच आलं नाही.

२० एप्रिल

कलेक्टर कचेरी. पालकत्वाची सुनावणी. सगळं लिहिणार आहे, बोट तुटलं तरी.

टेबलापलीकडे एक अधिकारी बाई, बाजूला दोघं. दादा इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात कंपनीचं कार्ड – इथे कशाला? आई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन. बाबा आले नाहीत. ऐकूच येणार नाही तर येऊन काय करणार!

बाईंनी मला विचारलं, “तुला माहितीये हा अर्ज कशाचा आहे?”

मी ओठ मिटून. दादा मध्ये असताना एक शब्द बोलायचा नाही, ठरवलं होतं.

दादाच बोलला. “मॅडम, तिला हे समजत नाही. बोललेलंही कुणाला कळत नाही. रिपोर्ट लावलाय.”

“तुम्हाला कळतं?”

“मला आणि आईला.”

“मग तुम्ही अर्जदार, तुम्ही बाहेर थांबा. आई सांगतील.”

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. गेला. दार लागलं.

मग मी बोलले. दोन महिने साठवलेलं सगळं. आणि आईवरही राग होताच, तोही काढला. म्हटलं, बघूया ही काय गाळते. दादासारखी हीसुद्धा गोडगोड करून सांगणार, तर एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

“ती काय म्हणतेय?”

आईने पदर सारखा केला. “ती म्हणते, मला सगळं समजतं. अर्ज मी वाचलाय. तो खोटा आहे.”

मी पुढचं बोलले. आई थांबून थांबून, शाळेत पाठ म्हणावा तशी सांगत होती.

“ती म्हणते, डॉक्टरांसमोर दादाने माझं बोलणं बदलून सांगितलं.”

“ती म्हणते, घरात मला कोणी काही विचारत नाही.”

मग ते. मी आईकडे बघतच म्हटलं.

आई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.  बाई म्हणाल्या, “सांगा ना.”

“ती म्हणते... आईला माझी लाज वाटते. पाहुणे आले की आई मला शेजारी नेऊन ठेवते. तिथे मी खुर्चीत ओली झाले.”

एक शब्द गाळला नाही. एकही नाही!

“खरं आहे हे?”

“हो,” आई म्हणाली. “खरं आहे. ठेवते.”

 मग बाईंनी मला विचारलं, “मग पालक म्हणून कोण हवं?”

“ती म्हणते, कोणी नको.”

“आणि तुमचं काय म्हणणं?”

आईला प्रश्नच कळला नाही आधी. तिने मागे वळून बघितलं, कोणाला विचारतायत म्हणून. मग म्हणाली, “तिला सगळं कळतं हो. ह्यांना ऐकू येत नाही, मुलगा कामावर. अठरा वर्षं मी हिच्याशीच बोलत आले. कळत नसतं तर वेड लागलं असतं मला.”

तिघं एकाच रिक्षाने घरी. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२३ एप्रिल

अर्ज फेटाळला. पालकाची गरज नाही, असं लेखी. संवादाची तपासणी पुन्हा करा, तीही आईसोबत, असंही लेखी.

दादा आला तसा गेला. “आता सगळं तुमचं तुम्ही करा.” फोनही आईनेच करायचा म्हणे, त्याला वाटलं तर उचलणार.

९ मे

बँक. आईने खुर्ची तीन पायऱ्या एकटीने चढवली. वॉचमन बघत उभा.

मोठ्यांचं खातं, माझं एकटीचं. मोठ्यांच्या अनुदानाचा अर्जही माझ्याच नावाने. अंगठा उठेना, हात थरथरत होता. तीन फॉर्म फुकट गेले. काउंटरवरची बाई वैतागली. चौथ्यावर उठला.

“अहो, फोटो इकडे लावा,” बाई म्हणाली. मला म्हणाली. अहो!

घरी येऊन आईने पाय चेपून घेतले. स्वतःचे, स्वतःच.

१२ मे

दुपारी आई समोर येऊन बसली. म्हणाली, “तू आता सज्ञान, म्हणून तुलाच विचारते. तुझा जन्म झाल्यापासून मी माहेरी एक रात्र राहिलेली नाही. महाडला जाऊ का?”

माझं कोण करणार?

“गल्लीतली श्यामलाबाई येईल राहायला. बोलून ठेवलंय.”

तिला माझं बोलणं कळत नाही.

“शिकेल. मीसुद्धा शिकलेच.”

परत कधी येणार, विचारलं. तिने तारीख सांगितली नाही, माझी हनुवटी पदराने पुसली.

मी म्हटलं, जा.

बॅग आधीच भरलेली होती.