डाव्या कोपऱ्यातला अंगठा

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक काम.

अक्षर पाहून दचकू नकोस, पेन मीच धरलंय. गाठ काढून झाली, आता हे औषधांचं शुक्लकाष्ठ मागे लागलंय. त्यानं बोटं बधिर झालीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, उपचार संपले की बोटांत जीव येईल, सगळा नाही तरी बराचसा. तोवर कपडे वाळत घालायचे आणि मग त्यांच्यासारखंच खुर्चीवर लोंबकळत पडायचं, असा माझा दिवस जातो.

काम असं की दर महिन्याला मी रंगवून आईला धाडते ते कार्ड या महिन्यात मला जमलेलं नाही. स्पंज हातातून सुटतो आणि सुटल्याचं कळतही नाही. कार्ड आलं नाही तर ती खोदून खोदून विचारणार. खरं कळलं तर दुसऱ्या दिवशी पिशवी भरून निघणार. तिचे गुडघे, माझा चौथा मजला आणि बंद पडलेली लिफ्ट. जिन्यात ती पडली, तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. म्हणून कार्ड तू करायचं. या पत्रासोबत सामानही तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर धाडलंय, त्यात माझ्या अक्षरातलं आईच्या नावाचं पाकीटही आहे.

कृती सोपी आहे. स्पंज पॅडवर टेकवायचा, जास्तीची शाई आधी रद्दी कागदावर पुसायची. मग कार्डाच्या बाहेर, खालच्या कागदावर गोल गोल फिरवायला सुरुवात करायची आणि फिरवत फिरवत कार्डावर यायचं. थेट कार्डावर टेकवलास की डाग पडलाच. आधी पिवळा, मग निळा, आणि दोन्हींच्या मधे हात इतका हलका की हिरवा कुठे सुरू झाला ते आपल्यालाही सांगता येऊ नये.

आईला यातलं काही बोलू नकोस. तुझ्या पाठीचं दुखणं कसं आहे?

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. इकडे सगळे उभे आहेत, एवढंच म्हणते.

सोपी म्हणे. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, घरी येऊन आईचे गुडघे चोळायचे, भांडी घासायची, आणि मग शिवणयंत्राच्या फळीवर तुझा स्पंज घेऊन बसायचं. काल बसल्या बसल्या डोळा लागला आणि गालाला निळा रंग लागला. सकाळी आईनं विचारलं, तर शिवणाचा खडू लागला म्हणून सांगितलं.

कार्ड एकही धड नाही. मी आधी कागदाला नावं ठेवली, मग स्पंजाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तू सांगितलंस तसं बाहेरून आत येते, पण कागद सरकतो, मी तळव्यानं दाबते आणि माझ्याच पंजाचा ठसा उमटतो. पिवळ्यावर निळा चढवला तर हिरवा होण्याऐवजी शेवाळ झालं.

आई रोज पोस्टमनची वाट बघते. नजर अधू झाली तरी तुझी कार्डं खिडकीशी नेऊन, नाकाला लावून बघते आणि कपाटाच्या दारावर चिकटवते. काल म्हणाली, पोरगी कामात असेल. ते ऐकून मला रडू आलं. थकवा असेल.

राग मानू नकोस आणि जेवत जा.

तुझी,
ठमी


१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद, आणि गालाच्या निळ्या रंगालाही.

शाळेत नकाशातला समुद्र गुलाबी रंगवणारी तू, एका आठवड्यात शेवाळापर्यंत पोहोचलीस म्हणजे प्रगतीच आहे. पिवळा पुरता वाळू दे, मग निळा घे. शाई कमी, फेरे जास्त. घाईचं काम नाही हे.

कागद सरकतो त्यावर उपाय सांगते. चारी कडांना चिकटपट्टी लावून फळीवर पक्का बसव, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. काढताना पट्टी हळू ओढ.

काल पुन्हा औषध चढवलं. तोंडाला चव नाही, मीठ आणि साखर सारखीच लागते. शेजारीण जेवणाचा डबा आणून देते आणि मी संपवीपर्यंत उभी राहते. तिची मला भीती वाटते, म्हणून जेवते. कधी कधी वाटतं, आई इथे असती तर नुसती तिच्या मांडीवर पडून राहिले असते. पण ते पत्रात लिहायला ठीक आहे. तू तिला सांभाळतेस तेवढ्यावर माझं निभतंय.

कार्ड झालं की कळव.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. हे पत्र बसून वाच.

चिकटपट्टीनं काम झालं. पिवळ्यातून हिरवा, हिरव्यातून निळा, कुठे सांधा दिसत नव्हता. मला तर कार्ड देववेना इतकं ते छान झालं होतं. तुझ्या अक्षरातल्या पाकिटात घालून, पोस्टानं आलं म्हणून आईच्या हातात दिलं. ती खिडकीशी गेली, बराच वेळ उभी राहिली आणि कार्ड कपाटावर न लावता उशीखाली ठेवलं. मला वाटलं, फार आवडलं.

रविवारी तिनं मला कपाटापाशी बोलावलं आणि तुझी कार्डं एकेक करून बघायला लावली. ताई, तुझ्या प्रत्येक कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात फिकट जागा आहे, अंगठ्याएवढी. तू तिथे कागद दाबून धरतेस आणि स्पंज त्याला वळसा घालून जातो. इतकी वर्षं मी ती कार्डं पाहतेय, मला कधी दिसलं नाही. आई म्हणाली, गिरवायला शिकताना टेबल गुळगुळीत होतं, पाटी सरकायची, तेव्हा तिनंच तुला तसा अंगठा ठेवायला शिकवलं होतं. मग उशीखालचं माझं कार्ड काढून तिनं तो कोपरा दाखवला. कडेपर्यंत एकसारखा निळा. तिनं विचारलं, ताईच्या हाताला काय झालंय.

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. फक्त माझी पाठ चोळत राहिली आणि म्हणाली, दोघी मिळून केवढं ओझं वाहत होतात. मग तिनं स्पंज मागितला. पट्टी लावून देते म्हटलं तर नको म्हणाली. सोबत पाठवलंय ते तिनं केलेलं आहे. डाग पडलेत, निळा बाहेर गेलाय. बघ.

पिशवी भरून दाराशी ठेवलीय. तू नको म्हणालीस तर निघणार नाही, असं तिनं वचन दिलंय. आता काय ते तू ठरव.

तुझी,
ठमी


८ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद. आईला माझा नमस्कार वाचून दाखव आणि पुढचंही.

कार्ड मिळालं. डाव्या कोपऱ्यातली पांढरी जागा माझ्या अंगठ्यापेक्षा मोठी आहे. त्यावर माझा अंगठा ठेवून बसले. बोटाला कागद कळत नाही, तरी बसले.

लिफ्टच्या दुरुस्तीचं सामान अजून आलेलं नाही. पण प्रत्येक मजल्याच्या वळणावर एकेक खुर्ची ठेवायला शेजारणीला सांगितलंय. मी एकेका खुर्चीवर टेकत खाली येईन, आई टेकत वर येईल. दुसऱ्या मजल्यावर भेटू.

पिशवी तू उचल. आणि दुकानात सुट्टी टाकून ये. तुला इथे काहीही करायचं नाही, फक्त झोपायचं आहे.

वाट बघतेय,
ताई