सूर्याचे मुखमार्जन

नाशिक,
११ जून १९७९

चि. विमल हिस,
छायाचित्रकलाधुरंधर, तमोगृहनिवासी ज्येष्ठ बंधू जयराम याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

वाल्मीक कंडक्टरच्या हस्ते पाठविलेला अखेरचा रोल पावला. बाईंचा सूर्य उन्हात ठेवू नये इतकी अक्कल आपल्यालाही आहे, असे तो मला दुकानाच्या पायरीवरूनच सुनावून गेला. रोल विधिवत धुतला. ऑक्टोबरापासून मेअखेरपर्यंतचे तुझे सारे सूर्य आता आमच्या दोरीवर चिमट्यांना लटकले असून, त्या त्रैलोक्यदीपकाची इतकी सामुदायिक विटंबना पुराणांतरीही झाली नसावी.

सातपूरच्या लहानूने लेथवर कातलेल्या तुझ्या दुर्बिणीच्या नळीस मी पूर्वी पाण्याचा पाइप म्हटले होते. ते शब्द सव्याज परत घेतो. बिंबाची कड अशी रेखीव उमटली आहे, की पैठणीच्या काठाने लाजावे.

निगेटिव्हच्या पट्ट्यांवर बारीक धूळ मात्र फार. ती मी माझ्या पद्धतीने निस्तरली आहे. तपशिलाने तुला शिणवीत नाही. पट्ट्या इकडेच राहू देत, तुझ्या कौलारू खोलीत उंदीर त्यांचा फराळ करतील. छाप तुला दाखवून मग पाठवायचे तर आठवडा जाईल, म्हणून संच थेट पुण्याच्या निरीक्षक मंडळाकडे रवाना करतो. तू आपली पेन्सिलीची चित्रे तिकडून धाड.

तुझ्या चांगुणावहिनीने विचारले आहे, की एवढे फोटो तर नवरदेवाचेही निघत नाहीत, तेव्हा या सूर्याचे घराणे तरी पाहून घेतलेस का.

लोभाचे बिंब निष्कलंक राहावे, हे वि.

तुझा,
जयराम


वणी,
१९ जून १९७९

ती. दादास,
शि. सा. जयभीम वि. वि.

चित्रे काल रजिस्टरने गेली. पावसाळा वगळून वर्षभराचा नेम तुला ठाऊकच आहे. सकाळी शाळेआधी नळीतून पांढऱ्या कागदावर बिंब पाडायचे, दिसेल तो प्रत्येक डाग पेन्सिलीने जागच्या जागी काढायचा, आणि लगेच त्याच बिंबाचा फोटो घ्यायचा. चित्र ही डोळ्यांची साक्ष आणि फोटो हा त्या साक्षीचा साक्षीदार. दोन्ही जुळली, तरच मंडळ नवख्या माणसाचे वर्ष आपल्या मोजणीत धरते. यंदा सूर्यावर डागांचे पीक आहे. काही तर मोहरीहूनही बारीक.

आमची शाळा झाडणाऱ्या अक्काबाईचे म्हणणे असे, की रोज फोटो काढायला सूर्य काय रोज निराळा निघतो काय. तिला कागदावरचे डाग दाखवले. ती म्हणाली, की म्हंजे देवाच्या तोंडावर बी वण हायेत म्हणायचे. मग माझ्या तोंडाकडे पाहून एकदम नसलेला कचरा झाडू लागली. मला हसू आले. देवी येऊन गेल्याला पस्तीस वर्षे झाली. लोकांना मात्र ती कालच आल्यासारखी वाटते.

दादा, वर्गात मी सांगते ते पुस्तकातले असते. हे एवढेच माझ्या डोळ्यांनी पाहिलेले. कुणीतरी ते खरे धरून त्यावर बेरीज मांडणार, याची मी फार वाट पाहते आहे. धूळ झटकलीस, बरे केलेस.

वहिनींना सांगावे, की घराणे तेजस्वी आहे, पण मुलगा संध्याकाळी घरी थांबत नाही.

लोभ असू द्यावा.

विमल


वणी,
१३ ऑगस्ट १९७९

ती. दादास,
शि. सा. जयभीम वि. वि.

मंडळाचे पत्र आले. भाषा सभ्य आहे. मोठे डाग चित्रांत व फोटोंत जुळतात. पण माझ्या चित्रांतले बारीक डाग फोटोंत कुठेच नाहीत. नवख्या निरीक्षकाचा उत्साह कधी कधी डोळ्यांच्या पुढे धावतो, असे चिटणीस लिहितात. मी चित्रे आपण होऊन मागे घ्यावीत, नाहीतर महिन्याभरात खुलासा करावा. न केल्यास यादीतून नाव काढतील.

म्हणजे जे दिसले नाही ते मी काढले, असा त्याचा अर्थ. पत्र वाचून मी कच्ची चित्रे पुन्हा उलगडली. एक डाग एका दिवशी कडेला उगवलेला, पुढल्या दिवसांत आत सरकत गेलेला, मग मावळलेला. मनाने काढलेला डाग इतका नियमाने कसा चालेल?

कॅमेऱ्यात काही बिघडले का, धुताना औषध कडक झाले का, छाप फिके निघाले का, ते तूच सांगू शकशील. लवकर कळवावे. शाळेत कुणाला सांगितलेले नाही.

विमल


नाशिक,
१६ ऑगस्ट १९७९

चि. विमल हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

विशेषणे आज दुकानाबाहेर ठेवली आहेत.

तुझे पत्र वाचून आधी त्या चिटणीसांस उद्देशून एक शार्दूलविक्रीडित रचावयास घेतले. दुसऱ्या चरणावर पट्ट्या आठवल्या. त्या दिव्यावर धरल्या, भिंग लावले, आणि चरण तेथेच राहिला.

निगेटिव्हवर सूर्य काळा उमटतो व डाग पांढरे. उपवर कन्येच्या निगेटिव्हवर तिच्या गालांवरचे वणही असेच पांढरे दिसतात. त्यांत टोकदार पेन्सिलीने शिसे भरले, की छापात गाल निर्मळ. पंचवीस वर्षे हेच मुखमार्जन करून माझा संसार चालला आहे; हात आता मला विचारीत नाही. तुझे बारीक डाग मला धूळ वाटले. जे ठसठशीत होते ते तीळ समजून शोभेसाठी राहू दिले. एखादा तीळ ठेवावा, असा धंद्यातला संकेत आहे.

विमल, तुझे डोळे खोटे नाहीत. माझी पेन्सिल खोटी आहे.

शिसे निगेटिव्हला आधी लावलेल्या वार्निशावर बसलेले असते. टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघते. सारे पुसून नवे छाप काढतो. पहिल्या छपाईत दोष राहिला, एवढेच मंडळास कळवू. ते अधिक विचारणार नाहीत आणि तुझे वर्ष वाचेल. तुझी संमती कळव.

जयराम


वणी,
२१ ऑगस्ट १९७९

ती. दादास,
शि. सा. जयभीम वि. वि.

पुसावे. पण मंडळास खरे तेच लिहावे. शिसे कुणी भरले, का भरले, कशाने पुसले, सगळे. त्यावर ते धरोत की न धरोत. खऱ्या डागांना खोट्याचा टेकू नको.

आणखी एक. आजवर मी हे लिहिले नव्हते. अठ्ठावन्न साली मालेगावच्या मंडळींना तू माझा फोटो पाठवलास. तोही मला न दाखवता, थेट. ते आले, पोहे खाल्ले, माझ्याकडे पाहिले, आणि फोटोतली मुलगी निराळी, दाखवली ती निराळी, ही काय रीत झाली, असे आबांना अंगणात उभे राहून ऐकवून गेले. आबांनी त्यांची क्षमा मागितली. कशाची मागितली, हे मला आजही कळलेले नाही. मी माझे वण कधी पदराआडसुद्धा केले नव्हते.

ते स्थळ गेले याचे मला काही नाही. त्यांच्यातला एक जण पोहे दोनदा मागून घेऊन मग रागावला, त्याचे अजून वाटते. पण त्या दिवशी खोटी ठरले ती मी, आणि आता पुण्यातही मीच. तुझी पेन्सिल मायेने चालते हे मी जाणते, दादा. तिने मला दोनदा खोटे पाडले.

वहिनींना जयभीम. लोभ उणावलेला नाही, म्हणूनच लिहिले.

विमल


नाशिक,
१३ ऑक्टोबर १९७९

चि. विमल हिस,
आशीर्वाद देण्याचा अधिकार तूर्त स्थगित असलेल्या बंधूचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मंडळास सारे लिहिले व पुसलेल्या पट्ट्याही सोबत धाडल्या. एकही समास न योजता लिहिलेले हे माझ्या हयातीतले पहिले पत्र असावे. उत्तर आज माझ्या नावे आले. पुसलेल्या ठिकाणी तुझ्या चित्रांतले डाग जागच्या जागी सापडले, असे चिटणीस लिहितात, आणि उत्साहाविषयीचे ते वाक्य मागे घेतात. परंतु ज्या निगेटिव्हला एकदा हात लागला, ती पुरावा म्हणून धरता येत नाही. तेव्हा गेले वर्ष मोजणीत येणार नाही. नाव राहील, पुढील वर्ष प्रथमपासून धरतील.

नियम योग्य आहे. तुझे वर्ष माझ्या पेन्सिलीच्या टोकावर गेले, आणि ते परत उमटविणारे औषध माझ्या तमोगृहात नाही. यापुढे मी केवळ धुईन. पट्ट्या वाळताच तुझ्याकडे येतील. उंदरांचा बंदोबस्त तू कर.

टर्पेंटाइनची बाटली उघडीच होती. माळ्यावरून अठ्ठावन्न सालची काचेची निगेटिव्ह काढली. इतक्या वर्षांचे शिसे चिवट झालेले, हळूहळू सुटले. चांगुणा दिवा धरून उभी होती. बोळा काळा होत गेला, तशी तू खालून वर येत गेलीस. चांगुणाने विचारले, की एवढी चांगली पोर झाकली कशाला होती. मी लाल दिवा लावून छाप काढावयास घेतला.

छाप सोबत आहे. यातून काही वजा केलेले नाही.

लोभ उरला असेल तेवढाच लिहावा. मला बरे वाटावे म्हणून त्यात भर घालू नये, हे वि.

जयराम


वणी,
२६ ऑक्टोबर १९७९

ती. दादास,
शि. सा. जयभीम वि. वि.

छाप पावला. पत्रही. वर्ष गेले त्याचे दोन दिवस वाईट वाटले. मग आकाश निवळले, म्हणून नळी बाहेर काढली. पहिल्याच बिंबावर मधोमध डागांचा एक मोठा जथा आहे, भोवती पुष्कळ पिल्ले. रोल वाल्मीकबरोबर येईल.

छाप मी ओसरीवर उजेडात बसून भिंगाने पाहिला, चित्र काढताना पाहते तसा. डाव्या गालावरचे सगळे ओळखीचे निघाले. उजव्या कानाजवळचा एक आता आरशात सापडत नाही. सुरकुतीत गेला असावा. तेव्हा तो होता. छापाच्या पाठीवर साल घालून तशी नोंद केली आहे.

एवढ्यात अक्काबाई आली. छाप हातात घेऊन तिने विचारले, की ही पोर कोण. मी म्हटले, की ओळख. तिने छापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा छाप उजेडाला धरला, आणि म्हणाली, की आता यात काय वळखायचं बाई, तीच तर हाय.

लोभ आहेच.

विमल